राजस्थानात खेड्यातल्या ‘हेरिटेज पॅलेस’ हॉटेलात राहणं पैसेवसूल आहे का, की जोधपूरलाच मुक्काम करावा?

सोबत आई-वडील आणि दोन मुलं आहेत, डिसेंबरात जाताय, आणि मित्र म्हणतोय की खेड्यात जाऊन करणार काय, असं तुम्ही लिहिलंय. मित्राचं ऐकू नका, जा. पण दोन रात्री जा. एका रात्रीत बॅगा उघडून परत भरण्यापलीकडे काही होत नाही.

आधी ‘पॅलेस’ हा शब्द डोक्यातून काढा. राजे राहायचे जोधपूर-उदयपूरला. खेड्यात असतो तो ठाकुराचा गढ नाहीतर रावळा, म्हणजे जागीरदाराचं घर. आपल्याकडच्या देशमुखांच्या गढीचा मारवाडी भाऊ. 1950 च्या आधीची वास्तू असली की सरकारदरबारी ती ‘हेरिटेज हॉटेल’ म्हणून अर्ज करू शकते, त्यामुळे पाटीवर काय लिहिलंय त्याला फार अर्थ नाही. घुमट, संगमरवर, झुंबरंच बघायची असतील तर जोधपूरचं उमेदभवन आहे. 1929 मध्ये दुष्काळी काम म्हणून सुरू झालं, 1943 मध्ये पुरं झालं. त्यातलं संग्रहालय तिकीट काढून बघता येतं, त्यासाठी खेड्यात झोपायची गरज नाही.

आम्ही राहिलो रोहेटला, रोहेटगढात. जोधपूरहून पालीच्या रस्त्याने 40 किलोमीटरच्या आसपास. चांपावत राठोड या राजपूत घराण्याचा हा जुना ठिकाणा, म्हणजे जागिरीचं ठाणं, आणि त्यांचं कुटुंब आजही तिथेच राहतं. आम्ही म्हणजे मी, बायको, मेहुणी आणि आमचे साडू. साडू समाजवादी शिबिरांत वाढलेले. चौकात चहा आला आणि त्यांनी सुरुवात केली, की या भिंती कोणाच्या घामाच्या? मग बिजोलियाचं शेतकरी आंदोलन काढलं. तिथे जागीरदार 84 प्रकारच्या लागती, म्हणजे जादा कर, वसूल करायचा, मुलीच्या लग्नावरसुद्धा. मी म्हटलं, बिजोलिया मेवाडात, म्हणजे उदयपूरकडे आहे, हा जोधपूरचा मारवाड. तर म्हणाले, “मग मारवाडात काय फुलं वाटत होते?”

मुद्दा खोटा नव्हता. लाग-बाग आणि वेठबेगार इथेही होतीच. पण प्रत्येक घासाला?

रात्री जेवताना तर त्यांनी कहरच केला. वाढायला गावातलेच एक वयस्क गृहस्थ होते. साडूंनी त्यांना थेट विचारलं, “आपके दादाजी ने यहाँ बेगार की होगी ना?” बायकोने टेबलाखालून मला लाथ मारली, जणू मीच विचारलं होतं. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “की होगी, साहब। मैं तो तनख़्वाह पे हूँ। दाल और दूँ?”

यावर आमच्यात आजतागायत एकमत नाही. साडू म्हणतात, नोकरीवर असलेला माणूस दुसरं काय बोलणार. मी म्हणतो, तनख़्वाह, म्हणजे पगार, या एका शब्दात सगळा फरक आहे. 1952 च्या कायद्याने राजस्थानातल्या जागिरी सरकारने परत घेतल्या. 1971 मध्ये संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद झाले म्हणून राजे लोक ओरडले, पण ठाकुरांना मुळात तनखे नव्हतेच. जमीन गेली आणि मागे राहिलं एक अवाढव्य घर. अशा घरात पावसाळ्यानंतर नुसती गच्चीची दुरुस्ती करायची तरी पैसा लागतो. एकतर पाडा, नाहीतर खोल्या भाड्याने द्या.

साडूंचं त्यापुढचं वाक्य असं होतं, “तुमचा वाडा पडला ते एका अर्थी बरंच झालं.”

आमचा वाडा सातारा जिल्ह्यात होता. दोन चौक, पांढऱ्या मातीच्या भिंती, सागाच्या तुळया. कूळकायद्यात जमिनी कुळांकडे गेल्या, आणि गेल्या ते योग्यच झालं. माझे आजोबाही तसंच म्हणायचे, कुरकुरत का होईना. पण वाडा काही कुळांनी पाडला नाही. वाडा आम्ही पाडला. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घराच्या उताऱ्यावर, चुलत्यांच्या नावांची रांग, गळती काढायला कोणी शंभर रुपये देईना आणि हिस्सा मात्र प्रत्येकाला हवा. शेवटी जुनं लाकूड घेणारा व्यापारी आला. आधी दिंडी दरवाजाची चौकट गेली, मग तुळया. ती चौकट आज कुठल्यातरी रिसॉर्टच्या स्वागतकक्षात उभी असणार. गावाला त्यातून काय मिळालं? बाभळी.

राजपुतांच्या ठिकाण्यांत गढ थोरल्याकडे जायचा, धाकट्यांना पोटापुरती जमीन. धाकट्यांवर अन्यायच, पण घर तुकड्यांत गेलं नाही. आपल्याकडे न्याय झाला आणि भिंत पडली. हे मी साडूंना त्या रात्री सांगितलं, नंतर दिवाळीत सांगितलं, आता इथे लिहितोय. रोहेटला घोड्यांकडे, स्वयंपाकघरात, जीपवर आम्हाला भेटली ती जवळपासची माणसं होती. त्यांची मुलं त्या पगारावर शिकतायत. आमच्या गावातली त्याच वयाची पोरं पुण्यात कंपनीच्या बसची वाट बघत उभी असतात.

हे खरं की ठाकुर अजूनही ठाकुरच आहे. ‘हुकम’ आणि ‘खम्मा घणी’ असं मालकाला अदबीने म्हणताना ऐकून साडूंच्या कपाळावर आठ्या पडायच्या, त्या मी समजू शकतो.

बरं, तुमचं. खेड्यात करणार काय? सकाळी जीपने झाडं-प्राणी जपणाऱ्या बिश्नोई समाजाच्या वस्त्यांकडे जा, काळवीट शेतात कोंबड्यांसारखे फिरताना दिसतात. गुडा बिश्नोईच्या तळ्यावर हिवाळ्यात करकोचे उतरतात. याच मुलखात खेजडलीला 1730 मध्ये खेजडीची झाडं वाचवताना 363 बिश्नोई मारले गेले. झाडं तोडायला माणसं पाठवली होती जोधपूर दरबारने, हे मुलांना सांगाच. सालावासला सतरंज्या विणणाऱ्यांकडे थांबा. पालीच्या रस्त्यालाच ओम बन्ना या अपघातात गेलेल्या तरुणाचं देवस्थान आहे, तिथे काचेच्या पेटीतल्या त्याच्या बुलेट मोटरसायकलची पूजा होते. मुलांना काळविटापेक्षा तेच जास्त आवडेल. कुठे तळहातावर अफूचं पाणी पुढे केलं तर हात जोडा आणि पुढे चला. परंपरा असली तरी कायदा कायदा आहे. जेवणात केर-सांगरीची भाजी आणि बाजरीचा सोगरा, म्हणजे जाड भाकरी, मागून घ्या, नाहीतर पर्यटकांसाठीचं पनीर येतं.

खर्चाचं म्हणाल तर शहरातल्या बऱ्या हॉटेलपेक्षा बरंच जास्त पडतं. खोलीचं भाडं रात्रीला 7500 च्या वर असेल तर 18 टक्के जीएसटी वेगळा धरा. आई-वडिलांच्या गुडघ्यांचं तुम्ही काही लिहिलं नाही, पण या घरांचे जिने अरुंद, पायऱ्या उंच आणि एकसारख्या नसतात. लिफ्टची आशा धरू नका, तळमजल्याची खोली लेखी मागून घ्या. डिसेंबरात जाड भिंती रात्री गार पडतात, स्वेटर घ्या.

आणि बुकिंगच्या आधी विचारा, त्या तारखांना तिथे लग्न आहे का. डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम. अख्खा गढ लग्नाला दिला असेल तर खोलीच मिळणार नाही, आणि अर्धा दिला असेल तर पहाटेपर्यंत डीजे ऐकावा लागेल. तसं असेल तर तारीख बदला, नाहीतर सरळ जोधपूरला राहा.