१९३० चा 'रूकरी नूक' हा ब्रिटिश विनोदी सिनेमा बघताना नाटकाचं शूटिंग बघतोय असं का वाटतं?

कारण ते जवळजवळ नाटकच आहे, बेन ट्रॅव्हर्सचं हे फार्स लंडनच्या ऑल्डविच थिएटरमध्ये १९२६ ला आलं आणि ४०० च्या वर प्रयोग झाले, मग बोलपट आल्यावर तीच टीम कॅमेऱ्यासमोर उभी केली, टॉम वॉल्स, राल्फ लिन, रॉबर्टसन हेअर, विनिफ्रेड शॉटर, आणि डायरेक्टरही वॉल्सच. त्यात तेव्हा कॅमेऱ्याचा आवाज माइकमध्ये जायचा म्हणून तो बंद खोक्यात ठेवायचे, माइकही फारसे हलवता यायचे नाहीत, मग नट एका जागी उभे राहून बोलणार, दार उघडणार, कोणीतरी आत येणार. पायजम्यातली मुलगी रात्री घरात शिरते तो सीन परत बघा, एका डोळ्याचा चष्मा (मोनोकल) लावलेल्या लिनची गडबड नीट कळते कारण फ्रेम हलतच नाही, मला तर हे टायमिंग जपून राहिलं याचंच फार अप्रूप वाटतं.

फक्त सगळा दोष मशीनवर टाकू नका, हिचकॉकचा 'ब्लॅकमेल' हा बोलपट १९२९ चा, तोही नाटकावरूनच, पण त्यात कॅमेरा मस्त फिरतो.