रेग्युलेशन पाठ करू नकोस, उपाशी लिव्हर मांड

खानापूरला दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात बी.एस्सी. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे ग्लुकोज पायरुव्हेटपर्यंत फोडण्याच्या, दहाही पायऱ्या झोपेतून उठवलं तरी म्हणतोस, आणि ‘रेग्युलेशन लिहा’ (या पायऱ्यांवर ताबा कसा राहतो ते) आलं की पेन अडतं, असं लिहिलंयस. अडणारच की! दहाही पायऱ्यांना सारखाच भाव दिलायस.

बहुतेक पायऱ्या पेशीत दोन्ही बाजूंनी चालतात. एकेरी तीनच: हेक्सोकायनेज, फॉस्फोफ्रक्टोकायनेज, पायरुव्हेट कायनेज. लिव्हरला उलट ग्लुकोज बनवायचं तर या तिन्ही ठिकाणी वेगळी एन्झाइम लागतात. जायची वाट वेगळी, यायची वेगळी, म्हणूनच कंट्रोल तिथे बसतो.

जास्त वेळ फॉस्फोफ्रक्टोकायनेजला दे. एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, हाच त्याचा कच्चा माल आणि तोच त्याला अडवतो, इथे पोरं गोंधळतात. त्याला एटीपीसाठी दोन जागा असतात: एक कामाची, दुसरी बाजूची, फक्त ताबा ठेवण्यापुरती, अ‍ॅलोस्टेरिक. दुसरीवर एटीपी बसतो तो मुबलक असतानाच. एएमपी (एटीपीचे दोन फॉस्फेट गेल्यावर उरणारा) हा अडथळा काढतो. एटीपी जरासा घसरला की अ‍ॅडेनिलेट कायनेज दोन एडीपींतून (एक फॉस्फेट गेलेला एटीपी) एक एटीपी नि एक एएमपी करतं. एएमपी मुळात अगदी थोडा, त्यामुळे त्याचं प्रमाण पटींनी वाढतं. तंगीची पहिली खबर तोच देतो.

आता एकादशी घे. साबुदाण्याची खिचडी चापून केलेली नव्हे, तो सगळा स्टार्च. निर्जळा धर. इन्सुलिन उतरतं, ग्लुकागॉन हे उपाशीपणाचं हार्मोन चढतं, लिव्हरमध्ये सायक्लिक एएमपी (हार्मोनचा निरोप पेशीत पोचवणारा, वरचा एएमपी नव्हे) वाढतो आणि प्रोटीन कायनेज ए जागं होतं. ते एका दुहेरी एन्झाइमवर फॉस्फेट चढवतं. हे एकच प्रोटीन फ्रक्टोज-२,६-बिसफॉस्फेट बनवतंही आणि मोडतंही. फॉस्फेट बसला की बनवणं थांबतं, मोडणं सुरू होतं. १९८० साली सापडलेला हा छोटा रेणू फॉस्फोफ्रक्टोकायनेजला जोर देतो आणि उलट वाटेवरच्या फ्रक्टोज-१,६-बिसफॉस्फेटेजला दाबतो. तो कमी झाला की ग्लायकोलिसिस मंदावतं, ग्लुकोज बनवणं मोकळं होतं. द्वादशीला उपवास सोडलास की सगळं उलटं.

पण हे लिव्हरचं. हृदयाच्या स्नायूत याच दुहेरी एन्झाइमचा वेगळा प्रकार असतो. तिथे फॉस्फेट बसला की बनवणं वाढतं. ‘फॉस्फेट म्हणजे बंद’ असं घोकणाऱ्यांचे मार्क इथेच जातात.

फॅटचं एक सूत्र पुरे: भरल्या पोटी मॅलोनिल-कोए (फॅट बनवतानाचा मधला रेणू) वाढतो आणि फॅटी अ‍ॅसिडला मायटोकॉन्ड्रियाच्या दारातच थांबवतो. बनवणं आणि जाळणं एकाच वेळी चालत नाही.

पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी विचार मराठीत कर, बिघडत नाही. फक्त एन्झाइमची नावं स्पेलिंगसकट घटवून ठेव. आज रात्री पुस्तक मिटून एका कागदावर उपाशी लिव्हर काढ, शेजारी जेवलेलं. मग ग्लायकोजेन (लिव्हरमधला ग्लुकोजचा साठा) त्याच दोन चित्रांत बसवून बघ. बाण कुठे अडतोय ते फोटो काढून इथे टाक, बघू.