ड्रॉप बार बसवण्याआधी: वाचकांचे प्रश्न

या वेळी सोलापूर, बार्शी आणि पंढरपूरच्या बऱ्याच वाचकांनी एकच गोष्ट विचारली आहे: सरळ हँडलच्या सायकलला रोड सायकलसारखा वाकडा ड्रॉप बार बसेल का? मिळतेजुळते प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझी हायब्रिड सायकल आहे. ७०० सी चाकं, ३५ मिमी टायर, व्ही-ब्रेक, पुढे ३ आणि मागे ७ गिअर. पावसाळ्यात मोहोळच्या दिशेने निघालं की पश्चिमेचा वारा छातीवर बसतो. वाकून चालवता यावं म्हणून ड्रॉप बार टाकायचा आहे. काय काय बदलावं लागेल?
एक वाचक, जुळे सोलापूर

बसेल, पण बार हा यातला सगळ्यात स्वस्त आणि सोपा भाग आहे. सरळ हँडलला मूठ बसते तिथे नळीचा व्यास २२.२ मिमी असतो, ड्रॉप बारचा २३.८. त्यामुळे सध्याचे ब्रेक लिव्हर आणि शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) दोन्ही उतरवावे लागतात. क्लॅम्प कानशीने घासून तेच बसवून देतो म्हणणारे मिस्त्री भेटतील. त्यांना नमस्कार करून पुढे निघा.

आधी ब्रेकचं ठरवा. व्ही-ब्रेक म्हणजे रिमच्या दोन्ही बाजूंना उभ्या लांब भुजा असलेला ब्रेक. त्या भुजांना जास्त वायर ओढावी लागते. रोड सायकलचा लिव्हर वायर कमी ओढतो आणि जोर जास्त देतो. हे दोन एकमेकांना जोडले की पॅड रिमला जवळजवळ चिकटवून ठेवावे लागतात. मग रिम जराशी वाकडी झाली तरी ती पॅडला घासते, आणि पॅड थोडे झिजले की लिव्हर दाबताना थेट बारला टेकतो. दुकानात उभ्या सायकलवर हा ब्रेक ठीकच वाटतो. त्याची खरी परीक्षा तुळजापूरचा घाट उतरताना होते, आणि तिथे तो नापास झालेला कोणालाच परवडणार नाही.

यावर मार्ग तीन. पहिला म्हणजे व्ही-ब्रेकसाठीच बनवलेले, जास्त वायर ओढणारे ड्रॉप बार लिव्हर. टेक्ट्रोचा आरएल ५२० हा त्यातला ओळखीचा. त्यात गिअर नसतात, गिअरची सोय वेगळी करावी लागते. दुसरा म्हणजे ८० ते ८५ मिमी भुजांचे छोटे व्ही-ब्रेक आणि त्यावर नेहमीचे रोड लिव्हर. हे चालतं, पण यात वायर टायरच्या अगदी जवळून जाते, त्यामुळे तुमच्या ३५ मिमी टायरवर मडगार्डला जागा उरणार नाही. तिसरा म्हणजे वायरची ओढ वाढवणारी छोटी पुली. तिच्यावरून वायर तीव्र वळणाने जाते, धूळ साचते आणि वायर तिथेच तुटायला लागते. आपल्याकडच्या धुळीत आम्ही ती सुचवणार नाही. तुमच्या सायकलला पहिला मार्ग योग्य.

आता गिअर. पुढे तीन चकत्या असल्याने तुमच्यासाठी बारच्या टोकाला बसणारे शिफ्टर सगळ्यात कमी कटकटीचे. डावा शिफ्टर टप्प्यांशिवायचा, म्हणजे फ्रिक्शनचा घ्या. तो कुठल्याही पुढच्या डिरेलरवर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) चालतो, आणि चेन घासायला लागली की केसभर हलवून आवाज बंद करता येतो. उजवा ७ टप्प्यांचा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर शिमानोच्या पद्धतीचा ८ टप्प्यांचाही काम देतो. मागच्या दोन शेजारच्या चकत्यांमधलं अंतर ७ गिअरमध्ये ५ मिमी आणि ८ गिअरमध्ये ४.८ मिमी असतं. मधल्या, म्हणजे चौथ्या गिअरवर तंतोतंत जुळवा, की दोन्ही टोकांना साधारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक राहतो आणि तो खपून जातो. जादा टप्पा डिरेलरची हालचाल अडवणाऱ्या हाय-लो स्क्रूने अडवा, नाहीतर चेन आऱ्यांत जाईल. ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये हवे असतील तर शिमानोच्या टूर्नी ए०७० मालिकेत ७ गिअरचे लिव्हर आहेत. पण ते रोडच्या ओढीचे असल्यामुळे ब्रेकचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

तिसरी गोष्ट अंतराची. घाईत ती विसरली जाते आणि नंतर पाठ ती रोज आठवण करून देते. सरळ हँडलच्या फ्रेमची वरची नळी मुळातच लांब असते. ड्रॉप बार हात आणखी पुढे नेतो: आटोपशीर बारची पुढची झेप ७० ते ८० मिमी, त्यापुढे लिव्हरचा रबरी हूड, म्हणजे तळहात टेकवायचा उंचवटा. मोजायचं असं. सीटच्या टोकापासून सध्याच्या मुठीच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. मग सीटच्या टोकापासून स्टेममधल्या (बार धरून ठेवणारा पुढचा तुकडा) बारच्या मध्यापर्यंतचं घ्या आणि त्यात नव्या बारची झेप व हूडसाठी अंदाजे ३० मिमी मिळवा. दोन आकड्यांतला फरक ८० ते १०० मिमी निघाला तर नवल नाही. त्यातला काही भाग आखूड स्टेमने परत मिळतो, म्हणजे १०० मिमीच्या जागी ५० किंवा ६०. स्टेम उलटा करून उंच केला तर आणखी थोडा दिलासा. पण सध्याचाच स्टेम ६० चा असेल तर ही फ्रेम या कामाची नाही, तिथेच थांबा. सीट पुढे सरकवून अंतर भरून काढू नका. तिची जागा पॅडलच्या हिशोबाने ठरते, ती बिघडली की गुडघे बोलायला लागतात.

बार घेताना स्टेममध्ये आवळला जाणारा व्यास पाहा: २५.४, २६ किंवा ३१.८ मिमी. ३१.८ च्या स्टेममध्ये २५.४ चा बार पट्टी घालून बसतो. २६ चा बार २५.४ च्या स्टेममध्ये ठोकून बसवायचा नाही. रुंदी खांद्यांच्या हाडांएवढी, बहुतेकांना ४२ सेंमी पुरते. बारची खोली, म्हणजे वरच्या भागापासून खालच्या भागापर्यंतचं अंतर, १२० ते १२५ मिमी ठेवा. त्याहून खोल बार दिसायला झकास, पण खाली हात जातच नाहीत.

सामान जमल्यावर काम अर्ध्या दिवसाचं आहे. मुठीखाली साबणाचं पाणी सोडून त्या ओढून काढा. बार हलका आवळून ठेवा, लिव्हर असे बसवा की बारचा वरचा भाग आणि हूड एका रेषेत सपाट येतील. वायर ओवण्याआधी सीटवर बसून, हूड धरून बघा, कारण नंतर लिव्हर सरकवायचा म्हणजे टेप पुन्हा उलगडणं आलं. स्टेमच्या पुढच्या पट्टीचे चारही बोल्ट तिरप्या क्रमाने, थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत आवळा. बहुतेक स्टेमवर ५ ते ६ न्यूटन-मीटर छापलेलं असतं. छापलं असेल तेच खरं.

वायर नव्याच घ्या. सरळ हँडलच्या ब्रेक वायरच्या टोकाला आडवा गोल दांडा असतो, रोड लिव्हरला पेअरच्या आकाराचं टोक लागतं. काही वायरींना दोन्ही टोकं असतात, नको ते कापायचं. ब्रेकचं आउटर (वायरवरचं आवरण) ५ मिमीचं, गिअरचं ४ चं. गिअरचं आउटर ब्रेकला कधीही लावू नका. त्यातल्या तारा लांबीने सरळ धावतात आणि जोराच्या ब्रेकला ते फाटू शकतं. आउटर कापण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. ते ताणलं जात असेल तर आखूड, समोर मोठा फुगवटा येत असेल तर लांब. चार-पाच फेऱ्यांनी आउटर आपापल्या जागी बसतात आणि वायर सैल वाटते. तेव्हा पुन्हा एकदा ताण द्यायचा.

प्रश्न : एमटीबीला, म्हणजे माउंटन बाइकला, ८ गिअरचे एसटीआय लिव्हर (ब्रेक आणि गिअर एकत्र असलेले) बसवून घेतले. मागचे गिअर लोण्यासारखे पडतात, पण पुढची चेन मोठ्या चकतीवर चढतच नाही. दुकानदार म्हणतो डिरेलर खराब आहे.
एक वाचक, बार्शी

डिरेलर बहुधा चांगला आहे. शिमानोच्या ७, ८ आणि ९ गिअरच्या जमान्यात रोड आणि एमटीबीचे मागचे डिरेलर एकाच प्रमाणात वायर ओढून घेतात, म्हणून मागचं जमलं. पुढच्या डिरेलरचं तसं नाही, दोन घराण्यांची ओढ जुळत नाही. नुसता रोडचा डिरेलर आणून भागेल असंही नाही. एमटीबीच्या चकत्या फ्रेमच्या मध्यरेषेपासून लांब असतात, मधली चकती साधारण ५० मिमीवर, रोडच्या तीन चकत्यांत ती ४५ वर. शिवाय रोडच्या डिरेलरचा वाक ५० दातांच्या चकतीसाठी असतो, तुमची मोठी चकती ४२ ची असेल. आमचा सल्ला: डाव्या लिव्हरचा फक्त ब्रेक वापरा आणि पुढच्या गिअरसाठी बारच्या टोकाला एक फ्रिक्शन शिफ्टर लावा. घाट करायचा नसेल तर पुढे एकच चकती ठेवून डिरेलर काढून टाकणं त्याहून सोपं.

जाता जाता: शिमानोच्या १० गिअरच्या एमटीबीला मागचाही डिरेलर रोड लिव्हरशी जुळत नाही. पैसे गुंतवण्याआधी मागच्या चकत्या मोजा.

प्रश्न : २६ इंची एमटीबी, पुढे शॉकअप, दोन्हीकडे तेलाचे डिस्क ब्रेक. ड्रॉप बार?
एक वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

नको. तेलाच्या ब्रेकमध्ये लिव्हर आणि कॅलिपर (चाकापाशी पॅड दाबणारा भाग) ही एकच बंद यंत्रणा असते आणि तुमचा लिव्हर ड्रॉप बारवर बसत नाही. ड्रॉप बारचे तेलाचे लिव्हर मिळतात, पण त्यांच्या किमतीत जुनी रोड सायकल येईल. वायरवर चालणारे डिस्क असते तर रोडच्या ओढीचे कॅलिपर बदलून जमवता आलं असतं. ॲव्हिडचा बीबी-७ रोड आणि एमटीबी अशा दोन वेगळ्या रूपांत मिळतो तो याच कारणासाठी. त्यात शॉकअपची भर: ड्रॉप बारवर शरीराचं वजन पुढे येतं आणि ब्रेक दाबला की पुढचं चाक धरणारा चिमटा आणखी खाली बसतो.

तुम्हाला वेग हवा असेल तर गोट्यांचे टायर काढून रिमला बसतील असे १.५ इंची गुळगुळीत टायर घाला, हवा टायरच्या कडेला लिहिलेल्या मर्यादेत भरा. डांबरी रस्त्यावर बारपेक्षा याचा फरक जास्त जाणवेल. हात बदलायला जागा हवी असेल तर फुलपाखरी हँडल पाहा. त्याची नळी २२.२ मिमीचीच असते, त्यामुळे तुमचे लिव्हर आणि शिफ्टर तसेच्या तसे बसतात आणि तेलाच्या नळ्या सोडवाव्या लागत नाहीत. दिसायला ते जरा पोस्टमन छापाचं आहे, हे मान्य.

प्रश्न : वडिलांची जुनी काळी सायकल आहे, सळईचे ब्रेक. तिला ड्रॉप बार लावून जुन्या रेसर सायकलसारखं करता येईल का?
एक वाचक, पंढरपूर

तिच्या हँडलमध्येच ब्रेकच्या सळया गुंतलेल्या असतात. हँडल गेलं की ब्रेक गेला. पॅड रिमच्या आतल्या अंगाला खालून लागतात. रिमच्या बाजू गोलसर असल्याने तिथे कॅलिपर ब्रेक लावायला सपाट जागाच नसते. म्हणजे रिमा बदला, आरे नव्याने बांधा, चिमट्याला कॅलिपरचं भोक आहे का बघा... इतकं करून ती वडिलांची सायकल राहात नाही. तेल-ग्रीस करून आहे तशी चालवा.

जुन्या सायकलींबद्दल एक सर्वसाधारण सूचना मात्र महत्त्वाची. चिमट्याच्या नळीत उतरणारा स्टेम उंच करताना त्यावर कोरलेली मर्यादेची खूण बाहेर दिसता कामा नये. दिसली तर तो स्टेम कधी ना कधी हातात येईल.

प्रश्न : ड्रॉप बार बसवून महिना झाला. विजापूर रोडला तासभर चालवलं की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. बार अरुंद आहे का?
एक वाचिका, सोलापूर

रुंदीपेक्षा आधी उंची आणि लिव्हरचा कोन तपासा. हूड खाली झुकलेले असतील तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर भार येतो, तिथून जाणारी नस दबते आणि नेमकी हीच दोन बोटं झोपतात. बार थोडा वर फिरवा, हूड किंचित वर उचलला गेला पाहिजे. सीटचं नाक खाली झुकलं असेल तर तेही सरळ करा, नाहीतर शरीर पुढे घसरतं आणि हात खांबासारखे ताठ होतात. एवढ्याने भागलं नाही तर स्टेम २० मिमी आखूड करून बघा. हात लहान असतील आणि ब्रेक धरायला बोटं ताणावी लागत असतील तर लिव्हरमध्ये जवळ आणण्याचा स्क्रू आहे का ते पाहा, पुष्कळ लिव्हरमध्ये तो रबराखाली लपलेला असतो. बधिरपणा सायकलवरून उतरल्यावरही राहात असेल तर डॉक्टरांना दाखवा.

सात रस्त्यासारख्या गर्दीत हात हूडवरच ठेवा. बारच्या आडव्या भागावरून ब्रेकपर्यंत हात पोचेतो रिक्षा वळलेली असते.

प्रश्न : बारवरचा टेप उन्हाळ्यात सुटतो, वर गुंडाळी होते. कोणता टेप घ्यावा?
एक वाचक, मोदी

टेपपेक्षा गुंडाळण्याची दिशा बघा. सुरुवात बारच्या खालच्या टोकापासून करायची, वर येत स्टेमपाशी संपवायची, म्हणजे वरचा पदर खालच्यावर चढतो आणि हाताच्या दाबाने कड उलगडत नाही. उजव्या हाताकडे खालून सुरू करताना मागून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने, डावीकडे उलट. प्रत्येक वेढ्याला एक तृतीयांश पदर चढवा आणि टेप सतत ताणून धरा. आधी बार स्पिरिटने पुसा. घामाचा आणि तेलाचा थर राहिला तर चाळीस अंशांत कुठलाही डिंक सुटणारच. शेवटी इलेक्ट्रिकल टेपचे तीन वेढे, आणि टोकाला बूच घट्ट बसलंच पाहिजे. उघड्या नळीच्या टोकावर पडलं तर जखम खोल होते.