180 दिवस मोजायचे ते बुकिंगपासून

प्रश्न: नव्या घराचं काम रखडल्यामुळे आमचं सामान पॅकर्सच्या गोदामात पडून होतं. बुकिंग 10 जानेवारीचं, सामान घरी पोचलं 20 एप्रिलला. 55 इंची टीव्ही भिंतीवर लावायला माणूस आला 14 जूनला, तेव्हा आवरण काढल्यावर पॅनेलला कोपऱ्यातून तडा गेलेला दिसला. मॅनेजर व्हॉट्सअ‍ॅपवर रोज ‘क्लेम टाकलाय, बघतो’ म्हणतो. सामान उतरवून घेताना ‘सर्व माल सुस्थितीत मिळाला’ या ओळीखाली आम्ही सही केली आहे. भरपाई मिळेल का?

उत्तर: अशा आशयाची पत्रं माझ्याकडे सतत येतात आणि प्रत्येकाला त्या सहीचीच धास्ती असते. सहीचं पुढे बोलू. तुमच्या प्रकरणात आधी कॅलेंडर पाहायला हवं.

कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, 2007 मधलं कलम 16 सांगतं की, मालाच्या नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला बजावल्याशिवाय त्याच्याविरुद्ध दावा किंवा इतर कोणतीही कायदेशीर कार्यवाही करता येत नाही. ही नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत बजावलेली असावी लागते. माल घरी कधी आला किंवा तडा कधी दिसला, याला इथे महत्त्व नाही. गोदामातले शंभर दिवसही यातच मोजले जातात. 10 जानेवारीपासूनचे 180 दिवस 9 जुलैला संपतात. हे उत्तर मी 29 जूनला लिहितो आहे, म्हणजे तुमच्या हाती दहा दिवस आहेत. ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तरी ही अट ओलांडून जाता येईल, असं समजू नका.

नोटीस त्या मुदतीत ‘पाठवली’ एवढ्याने भागत नाही, ती पोचायला हवी. म्हणून उद्याच स्पीड पोस्टाने, पोच घेऊन पाठवा. बिल्टीवरच्या (माल ताब्यात घेतल्याच्या वाहतूकदाराच्या पावतीवरच्या) ईमेलवर तीच प्रत टाका. आणि शक्य असेल तर कोणालातरी त्यांच्या कार्यालयात पाठवून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. नोटीस काढायची ती बिल्टीवर ज्याचं नाव छापलं आहे त्याच्या नावाने. ज्या एजंटाने फोनवर भाव ठरवला, किंवा ज्या अ‍ॅपवरून बुकिंग झालं, त्यांना हवी तर प्रत द्या. मजकूर एका पानाचा पुरे: बिल्टी क्रमांक, बुकिंगची तारीख, टीव्हीचा मॉडेल व सीरियल नंबर, नुकसान काय, ते कधी आणि कसं लक्षात आलं, किती रक्कम मागता. वकील शोधण्यात आठवडा घालवू नका, ही नोटीस तुम्ही स्वतःच्या सहीनेही देऊ शकता.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश म्हणजेच लेखी नोटीस, असा युक्तिवाद उद्या करता येईलही. पण पंधरा दिवस तुम्ही मॅनेजरच्या ‘बघतो’वर विसंबून राहिलात, त्या वेळात एक साधं पत्र टाकलं असतं तर ही धावपळ झालीच नसती. समोरच्याचं ‘बघतो’ ऐकत मुदत घालवलेली माणसं मी फार पाहिली आहेत. ते संवाद पुसू मात्र नका, पुरावा म्हणून जोडायचे आहेत.

आता सही. तिने तुमचं प्रकरण कमकुवत होतं, पण संपतं असं मला वाटत नाही. गुंडाळलेल्या टीव्हीचं आतलं पॅनेल उतरवताना दिसत नाही, हे आयोगाला पटवून देता येतं. वाहतूकदाराचा निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करावा, अशीही या कायद्याची अपेक्षा नाही. तडा त्यांच्या ताब्यात असताना गेला, हे मात्र दाखवावं लागेल, आणि माल आल्यावर पंचावन्न दिवस तो न उघडण्यावर ते बोट ठेवतीलच. म्हणून दुरुस्तीला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी अहवाल घ्या. तडा एका बिंदूपासून फाकलेला आहे की नाही, फ्रेमवर दाबाची खूण आहे का, हे त्यात यायला हवं. पॅनेलची काच पातळ असते आणि तिला आधार मुख्यतः कडांचा. टीव्ही आडवा ठेवून वर खोके रचले की रस्त्यावरच्या धक्क्यांनी काच वाकते. तो उभाच न्यावा, असं उत्पादक सांगतात ते याचसाठी. ट्रकमध्ये सामान भरतानाचा तुमच्या फोनमधला एखादा फोटो इथे सहीपेक्षा जास्त बोलेल. जुनं पॅनेल आणि त्यावरचं आवरण फेकू नका.

रकमेबद्दल मी फार आशा दाखवणार नाही. बिल्टीवर किमतीचा रकाना तुम्ही रिकामा सोडला असेल, आणि बहुतेक जण सोडतातच, तर वाहतूकदार भाड्याच्या दहापटीची मर्यादा पुढे करेल. ‘ट्रान्झिट विमा’ म्हणून पैसे घेतले असतील तर पॉलिसीचा क्रमांक नोटिशीतच मागा. कित्येकदा पैसे घेतलेले असतात आणि पॉलिसी काढलेलीच नसते. पॉलिसी असलीच, तर बाहेरून नुकसान दिसत नसताना आतला इलेक्ट्रिकल बिघाड भरून द्यायला विमा कंपन्या सहसा तयार नसतात. तुमचा तडा डोळ्यांना दिसतो, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

नोटिशीनंतरही त्यांनी दाद दिली नाही, तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. त्याला दोन वर्षांची मुदत आहे आणि तुम्ही मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रार तीन महिन्यांत, तपासणीची गरज असेल तर पाच महिन्यांत निकाली काढावी, असं ग्राहक संरक्षण कायदा 2019 सांगतो. प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात आणि माणूस टीव्हीच्या किमतीएवढी दमणूक सोसतो. याचा मला मनापासून राग येतो, पण आयोगाच्या दोन वर्षांच्या मुदतीच्या भरवशावर नोटीस लांबवू नका.

शिक्का मारलेली प्रत हातात आली की तिचा आणि बिल्टीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठवा. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत भरपाईची मर्यादा काय लिहिली आहे, हे पाहिल्याशिवाय तक्रारीत किती रक्कम मागायची ते सांगता येणार नाही.