अमेरिकेत गेलेल्या लॅटिनो पुरुषांचं वजन वाढतं ते तिथली संस्कृती अंगवळणी पडल्यामुळे का?

थोडंफार हो, पण ‘संस्कृती’ हा शब्द इथे जरा फसवा आहे. मी डॉक्टर नाही. ह्यूस्टनला बांधकामाच्या साइटवर इंजिनिअर आहे आणि दिवसभर मेक्सिको, होंडुरासच्या लॅटिनो माणसांत असतो.

2004 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, सगळ्याच देशांतून अमेरिकेत आलेल्यांचा. येऊन वर्षही न झालेल्यांत लठ्ठ 8 टक्के, 15 वर्षं काढलेल्यांत 19 टक्के. म्हणजे इथे राहून काहीतरी होतं हे नक्की. पण संस्कृती किती मुरली हे मोजतात ते बरंचसं भाषेवरून: घरी काय बोलता, टीव्ही कुठल्या भाषेत बघता, वगैरे. आमच्या फोरमनला त्यात जेमतेम गुण पडतील. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्याचा माणूस, वीस वर्षं इथे, इंग्रजी कामापुरतं, रेडिओ स्पॅनिश, डॅशबोर्डवर ग्वादालुपेची देवी, म्हणजे मेक्सिकोची माता मेरी. पोट मात्र पट्ट्याबाहेर.

गावी त्याची आई मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटायची. त्याच्या टोर्टिया म्हणजे पोळ्या, राजम्यासारखी उसळ, निवडुंगाची भाजी. इथे आला तेव्हा एका खोलीत सहा पुरुष आणि स्वयंपाक एकालाही येत नव्हता. (आपली बॅचलर पोरांची खोली आठवा, फक्त डबा देणाऱ्या काकू वजा करून.) पहाटे साडेचारला निघायचं आणि साइटवर खाण्याची गाडी आली की ‘लोंचे’. हा इंग्रजी ‘लंच’च, स्पॅनिश होऊन बसलेला. मैद्याची टोर्टिया, चोरिझो म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज, अंडं, वर कोला. 355 मिलीच्या एका कॅनमध्ये 39 ग्रॅम साखर असते. ह्यूस्टनच्या उन्हात हा तीन कॅन रिचवायचा.

गंमत म्हणजे तेव्हा तो काटकुळाच होता, कारण दिवसभर सळ्या वाहायचा. वजन वाढलं ते फोरमन झाल्यावर. पगार वाढला, ‘ट्रोका’ म्हणजे पिकअप आली, सळ्या सुटल्या. भूक मात्र सळ्या वाहणाऱ्याचीच राहिली. हा एकट्याचा किस्सा नाही. 2005 ते 2008 च्या सरकारी आरोग्य पाहणीत मेक्सिकन वंशाच्या पुरुषांत जास्त उत्पन्नवाले कमी उत्पन्नवाल्यांपेक्षा अधिक लठ्ठ निघाले. अमेरिकेतल्या बायकांत एकूण चित्र याच्या उलट. म्हणून मला विचाराल तर बर्गरची चटक हे दुय्यम कारण. घरचा स्वयंपाक तुटणं आणि अंगमेहनत सुटणं ही मुख्य.

आणि मेक्सिकोत सगळे अजून निवडुंगाची भाजी खातात असंही समजू नका. कोला तिथे खेडोपाडी पोचलाय. सरकारने जानेवारी 2014 पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला तो उगाच नाही. फोरमनचा भाचा परवा आला, तो येतानाच गुटगुटीत.

मागच्या डिसेंबरात फोरमन गावी गेला, तर आई भलतीच खूश. आपल्याकडे ‘तब्येत सुधारली’ म्हणतात ना, तेच. परत आल्यावर इथल्या डॉक्टरने शुगर सांगितली. आता लोंचेला पाणी पितो. आईला अजून कळवलेलं नाही.