कडी कुठे गेली?

मावशी,
कांदिवली पूर्वेला चौथ्या मजल्यावर आमचा वन बीएचके आहे. दाराबाहेरचं पार्सल चोरीला गेलं म्हणून समोरच्या शेजाऱ्यांनी चौकटीवर कॅमेरा बसवलाय. आमचं दार उघडलं की त्यात हॉल दिसतो, ओटासुद्धा. कोण आलं, कोण गेलं, दूधवाल्यासमोर मी कुठल्या अवतारात उभी होते, सगळं त्यांच्या फोनवर. खासगीपणाबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाची झेरॉक्स सेक्रेटरींना दिली, तर ते हसले. मुलगी सोळाची, अकरावीला आहे. तिच्यावर फार परिणाम झालाय. सारखी चिडते, कपडे बदलायला ओल्या बाथरूममध्ये जाते, रात्री पांघरुणात तोंड खुपसून मैत्रिणींशी बोलते. बेडरूमची कडी दहावीच्या वर्षी यांनी काढली म्हणून अभ्यास तरी डोळ्यांसमोर होतो. शेजाऱ्यांना वठणीवर कसं आणू?
– क., कांदिवली

अगं क.,

कॅमेऱ्याचं आधी उरकते. शेजाऱ्याला वठणीवर आणायच्या भानगडीत पडू नकोस, चहाला बोलाव. कॅमेऱ्यात काय काय दिसतं ते फोनवर उघडून दाखवा म्हण. बऱ्याच कॅमेऱ्यांत चित्राचा नको तेवढा भाग काळा करून ठेवायची सोय असते, तुझं दार त्यात झाकता येईल. आवाज रेकॉर्ड होत असेल तर तोही बंद करायला लाव. नाहीच ऐकलं तर पॅसेज सोसायटीचा आहे, त्यांचा नाही. कमिटीला लेखी अर्ज दे आणि पोच घे. झेरॉक्सला हसणारे सेक्रेटरी पोच मागितली की हसत नाहीत. तोवर दाराला पडदा लाव. संपलं.

आता कडीकडे येऊ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या वाक्यावरून माझी नजर घसरून गेली, कारण तूच ते घसरत लिहिलं आहेस. दुसऱ्यांदा मात्र अडखळले. कॅमेरा आहे पॅसेजमध्ये. त्याला हॉल दिसतो, ओटा दिसतो. बेडरूम दिसते असं तू कुठेच म्हटलेलं नाहीस. मग पोरगी बाथरूमच्या ओल्या फरशीवर एका पायावर उभी राहून सलवार का चढवते? शेजाऱ्यांना घाबरून? अगं, त्या घरात आतून बंद होणारं तेवढं एकच दार उरलंय तिला.

ज्या निकालाची झेरॉक्स तू वाटलीस, तो २४ ऑगस्ट २०१७चा. न्यायमूर्ती पुट्टस्वामींच्या याचिकेवरचा. नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला सरकारविरुद्धचा होता, आईविरुद्धचा नव्हे, हे मलाही कळतं. पण ज्या कलम २१ वर तो निकाल उभा आहे, त्यात शब्द 'व्यक्ती' असा आहे. सोळा वर्षांची मुलगी तुझ्या हिशोबात त्यात बसते की नाही, तेवढं सांग.

'आमच्या लहानपणी कुठे होत्या कड्या' हे म्हणू नकोस. आम्ही लालबागच्या चाळीत वाढलो. दहा बाय बाराची खोली, माणसं आठ, मोरीला पडदा. थोरली बहीण कपडे बदलायची तेव्हा वडील पेपर घेऊन बाहेर गॅलरीत जायचे. तो पेपर सकाळीच वाचून झालेला असायचा. परत येताना दाराशी थांबून खाकरायचे आणि मग आत यायचे. खोकला नव्हता त्यांना. सातवी पास, मिलमध्ये रात्रपाळी करणारा माणूस. त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. तुमच्याकडे दार आहे, बिजागऱ्या आहेत, आणि तुझ्या नवऱ्याने स्क्रूड्रायव्हर घेऊन कडी उतरवली. तू शेजारी उभी राहून स्क्रू तळहातावर घेतले असशील.

अभ्यास डोळ्यांसमोर होतो म्हणतेस. तुझ्या डोळ्यांसमोर पुस्तक उघडं असतं एवढंच. आणि दहावी होऊन गेली की गं. परीक्षेसाठी काढलेली कडी निकालानंतर परत का नाही लागली?

येत्या रविवारी मुलीला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. बरोबर ने, तिच्या माघारी आणून 'सरप्राइज' देऊ नकोस. कडी तिला निवडू दे. आत कोंडून घेईल, काही बरंवाईट होईल अशी धास्ती असेल तर बाथरूमला लावतात तसलं कुलूप माग. त्याला बाहेरून खाच असते, वेळ पडली तर नाणं घालून फिरवता येतं. आणि ही धास्ती नुसती आईची काळजी नसेल, तिच्या वागण्यात खरंच काही दिसत असेल, तर कडी काढून ते बरं होत नसतं. १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर, तिथे मराठीत बोलता येतं.

नवऱ्याला विचारत बसू नकोस, सांग. तो म्हणेल, 'डोक्यावर बसवून ठेवलीस.' म्हणू दे. स्क्रूड्रायव्हर मात्र त्याच्याच हातात दे, ज्याने काढली त्यानेच लावायची. जुनी भोकं ढिली झाली असतील तर त्यात माचिसच्या काड्या ठोका, स्क्रू घट्ट बसतो.

ती पहिल्यांदा आतून कडी लावेल तो आवाज तुला टोचणार आहे. टोचू दे. दाराला कान लावून उभी राहू नकोस, 'काय करतेस गं आत?' म्हणून हाक मारू नकोस. ओट्याशी जा, चहा टाक. तिचा कप घेऊन आलीस की टकटक कर, आणि ती 'ये' म्हणेपर्यंत बाहेर थांब. चहा निवला तर पुन्हा गरम कर.

– मावशी