पक्षी टिपणाऱ्या नवऱ्याला पन्नाशीची भेट

ताई, तुम्ही लिहिलंत की यजमानांचा पन्नासावा वाढदिवस पुढच्या रविवारी, फ्लेमिंगोंच्या दिवसांत ते पहाटेच नेरूळहून खाडीकडे फोटो काढायला निघतात, बजेट चार-पाच हजार. आणि प्रश्न असा की फोटो छापलेला मग-उशी द्यावी की कॅमेऱ्याचं काही. मी ठाण्यात वीस वर्षं हौसेने फोटो काढतोय. माझं मत सरळ आहे: त्यांनीच काढलेला एक फोटो मोठा छापून, फ्रेम करून द्या.

हौशी माणसाचे हजारो फोटो हार्ड डिस्कमध्ये पडून असतात, छापला जात नाही एकही. माझ्या चाळिशीला बायकोने गुपचूप माझाच येऊरच्या ओढ्याचा फोटो १२ × १८ इंचात छापून आणला होता. तो अजून दारासमोरच्या भिंतीवर आहे. त्यानंतर लेन्स दोन बदलल्या, पण तेवढा आनंद एकीनेही दिला नाही.

आता छापताना चुका कुठे होतात ते सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो लॅबला देऊ नका, तो दाबून लहान झालेला असतो. कार्डातली किंवा कॉम्प्युटरवरची मूळ जेपीजी पेन ड्राइव्हवर न्या. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० × ४००० पिक्सेलचा असतो, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरले तरी २० × १३ इंच निघतो. १२ × १८ मागायचं कारण वेगळं आहे: कॅमेऱ्याच्या फोटोचं प्रमाण बहुधा ३:२ असतं, तेच या मापाचंही. ८ × १० सांगितलंत तर कडा कापल्या जातील आणि नेमके फ्लेमिंगोचे पाय किंवा पंखाचं टोक जाईल. कागद मॅट घ्या, खिडकीसमोर चमकत नाही. मागे तारीख आणि जागा लिहा, पण बॉलपेनने नको, दाब पुढे उमटतो. बारीक परमनंट मार्कर हलक्या हाताने चालवा आणि शाई पूर्ण वाळू द्या. माझ्या एका प्रिंटची ओली शाई खालच्या फोटोच्या आभाळावर उतरली होती.

मगचं म्हणाल तर त्यावर मुलांचा फोटो छान दिसेल, पक्ष्याचा नाही. शाई उष्णतेने मगच्या लेपात उतरवतात, त्यात पिसांचे बारीक तपशील मावत नाहीत, आणि गोलाव्यामुळे एका वेळी पूर्ण चित्र दिसतही नाही.

उरलेल्या पैशात कॅमेऱ्याचं काही घ्यायचं असेल तर लेन्स किंवा बॅगेच्या नादी लागू नका, ते ज्याचं त्यानेच निवडावं. फिल्टर घ्यायचा असेल तर लेन्सवर ø चिन्हापुढचा आकडा, म्हणजे तिच्या तोंडाचा व्यास, बघूनच.

मी खात्रीने सुचवेन ती हवाबंद डब्याची सोय. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते आणि बॅगेत ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागते. माझी एक जुनी लेन्स जुलै-ऑगस्ट कपाटात राहिली. बाहेर काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. साफ करायला जो खर्च सांगितला त्यात दुसरी जुनी लेन्स आली असती. रबरी कडेचा मोठा डबा, आत ओलावा शोषणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरतं. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान राहिला पाहिजे.

आणि तुम्हाला शिवण येत असेल तर लेन्स टेकवायला एक बीन बॅग शिवा. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन कप्प्यांची पिशवी करायची, मध्ये पट्टी, कोपऱ्यात त्यांच्या नावाची अक्षरं भरायची. गाडीच्या काचेवर ती खोगिरासारखी बसते, वर जड लेन्स टेकते, आणि तिवईपेक्षा पटकन हाताळता येते. आत तांदूळ भरा, पण कच्च्या कापडाच्या वेगळ्या थैलीत, म्हणजे जीन्स धुता येईल. अगदी गच्च भरू नका, लेन्सला रुतायला जागा हवी.

रविवारचा वाढदिवस म्हणजे प्रिंट मंगळवारपर्यंत टाका. फ्रेमवाल्याला दोन-तीन दिवस लागतात, आणि काच व फोटो यांच्यात माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालायला त्याला आवर्जून सांगा, नाहीतर दमट हवेत फोटो काचेला चिकटतो.